आरशाला हात लावण्याआधी मधली रिंग मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या सामानातून लायका एम3 कॅमेरा, व्हिसोफ्लेक्स 3 ही आरशाची पेटी (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसून लेन्समधलं चित्र वरच्या घासलेल्या काचेवर दाखवणारी) आणि 200 मिलिमीटर एफ/4 टेलीट लेन्स तुमच्याकडे आली. सगळं एकाला एक जोडलं, पण काचेवर काहीच स्वच्छ दिसत नाही. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी समोरच्या इमारतीची गच्चीही धूसर आणि गॅलरीतली कुंडीही धूसर. एका दुरुस्तीवाल्यानं वरवर पाहून 'आरसा सरकलाय, पेटी खोलावी लागेल' असं सांगितलं. आणि हे जुळलंच, तर हिवाळ्यात वढवाणा तलावावर पक्षी टिपता येतील का, असा तुमचा पुढचा प्रश्न.

पहिली गोष्ट, पेटी कुणालाही खोलायला देऊ नका. बडोद्यात रावपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर दुरुस्तीला येणारे बहुतेक कॅमेरे आधी कुणीतरी खोललेलेच असतात, आणि त्यात आरशाच्या पेट्या सगळ्यात वाईट अवस्थेत असतात. तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती सरकलेल्या आरशाची नाहीत. सरकलेल्या आरशामुळे काचेवर एक दिसतं आणि फिल्मवर दुसरंच उतरतं, पण काचेवर कुठल्या ना कुठल्या अंतरावरचं काहीतरी स्वच्छ दिसतंच. तुमच्याकडे फोकस कुठेच लागत नाही. याचा अर्थ लेन्स फिल्मपासून हवी तितकी दूर बसलेली नाही. माझा अंदाज असा की लेन्स आणि पेटी यांच्यामधली एक रिंग हरवली आहे.

हिशेब असा आहे. व्हिसोफ्लेक्स 2 आणि 3 कॅमेऱ्यावर चढवल्या की पेटीच्या तोंडापासून फिल्मपर्यंतचं अंतर 68.8 मिलिमीटर भरतं. तुमची 200 ची टेलीट मात्र जुन्या, जास्त खोल पेटीच्या मापानं बनवलेली. लायका बनवणाऱ्या लाइट्झनं अशी पहिली पेटी 1935 मध्ये काढली, मग तिच्याच खोलीची व्हिसोफ्लेक्स 1 आली. त्या पेट्यांवर हे अंतर 91.3 होतं. पुढे पेटी आखूड झाली, पण लेन्सचं माप जुनंच ठेवलं आणि फरक भरून काढायला 22.5 मिलिमीटरची रिंग दिली. तिचा क्रमांक 16466, जुन्या यादीतलं सांकेतिक नाव ओयूबीआयओ. ती दिसायला अगदी साधी, काळी किंवा चंदेरी नळी असते. आत काच नाही, काही नाही. त्यामुळे घर आवरताना लोक ती 'कशाचं तरी झाकण' म्हणून टाकून देतात.

तुम्ही लिहिलंय की लेन्सचे आटे पेटीत बसेनात म्हणून बाजारातून 'एम अडॅप्टर' आणून लावला. इथेच घोळ आहे. तो पातळ अडॅप्टर 39 मिलिमीटरच्या आट्यांची लेन्स एम बॅयोनेटवर (आट्यांऐवजी किंचित फिरवून अडकवायच्या जोडणीवर) बसवतो, आणि अंतर वाढवतो ते फक्त 1 मिलिमीटर. म्हणजे तुमची लेन्स आत्ता 69.8 वर बसली आहे, हवी 91.3 वर. साडेएकवीस मिलिमीटर कमी. फोकसची रिंग पूर्ण जवळच्या खुणेला नेली तरी ही लेन्स जेमतेम पंधराएक मिलिमीटर बाहेर येते. मग अनंतावरचंसुद्धा फोकसमध्ये येणार कसं? ना गच्ची येते, ना कुंडी. तुमचं वर्णन या हिशेबाशी तंतोतंत जुळतं.

याच्या उलटंही होतं, तेही सांगून ठेवतो, कारण रिंग मिळाल्यावर हौसेनं दोन-दोन लावणारेही आहेत. साडेबावीस मिलिमीटर जास्तीचं अंतर पडलं तर 200 ची लेन्स अनंताच्या खुणेवर ठेवूनही जेमतेम 2 मीटरवरचं फोकस करते, त्यापलीकडचं सगळं धूसर. म्हणून लक्षणावरून ओळखा: कुठेच काही स्वच्छ नाही, तर लेन्स आत गेली आहे, फक्त जवळचं स्वच्छ, तर लेन्स बाहेर आली आहे, काचेवर स्वच्छ पण फिल्मवर धूसर, तरच आरशाकडे संशयानं बघायचं.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. आटे थोडे उलटे फिरवून लेन्स पेटीपासून सुटी करा, पेटीच्या तोंडासमोर हातानं धरा आणि काचेत बघत सावकाश पुढे सरकवा. मधून उजेड येऊ नये म्हणून भोवती काळं कापड धरा. दोन सेंटिमीटरच्या आसपास पुढे गेल्यावर समोरची गच्ची एकदम काचेवर उमटली, तर रोगाचं निदान झालं. चंद्र असेल तर त्याहून उत्तम. घरून कीर्तिमंदिराचं शिखर दिसत असेल तर त्यावरचे सूर्य-चंद्रही चालतील, फक्त निशाण अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडचं हवं. त्याच्या अलीकडचं 'अनंत' 200 च्या लेन्सला अनंत वाटत नाही.

आता रिंग आणायची कुठून? मूळ 16466 जुन्या बाजारात मिळते, पण परदेशातून मागवली तर टपालखर्च आणि जकात धरून कधी कधी लेन्सच्या किमतीच्या जवळ जाते. दुसरा मार्ग आपल्या गावात आहे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लेथवर बारीक काम करणारे कितीतरी लोक आहेत. तुमच्याकडचा पातळ अडॅप्टर आहेच, त्यात बसेल अशी साडेएकवीस मिलिमीटरची नळी करून घ्या, एका बाजूला बाहेरचे आटे, दुसऱ्या बाजूला आतले. पण कारागिराला एक गोष्ट लिहूनच द्या: व्यास 39 मिलिमीटर आणि आटे एका इंचात 26. त्याला '39 चे आटे' एवढंच सांगितलं तर तो सरळ 1 मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) कापेल. रशियन झेनिट कॅमेऱ्यांचे जुने आटे तसेच असतात. 26 चं पिच 0.977 मिलिमीटर, फरक डोळ्याला दिसतही नाही, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर नळी करकचून अडकते. जोर लावलात तर पितळेचे आटे मोडतील. झेनिटच्या एक्स्टेंशन रिंगा याच कारणानं लायकाच्या लेन्सला लावू नयेत, दुकानदार कितीही 'बसतं बसतं' म्हणाला तरी. नमुना म्हणून अडॅप्टर आणि लेन्सचं मागचं झाकण कारागिराकडे ठेवा, लेन्स ठेवू नका.

नळीच्या आतून बारीक चुड्या कापून घ्या आणि मॅट काळा रंग द्या. गुळगुळीत ॲल्युमिनियमची चमक सरळ फिल्मवर येते, मग चित्र दुधाळ दिसतं आणि आपण लेन्सला बुरशी लागली म्हणत बसतो.

आणि माप? इथे बरेच लोक घाबरतात: एवढ्या नाजूक जर्मन यंत्रात आपला लेथवाला चालेल का? चालेल, आणि का चालेल हे समजून घेण्यासारखं आहे. एम3 सारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात एरवी तुमचा डोळा लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या मागची कड एक चाक ढकलते, ते चाक खिडकीतली दुहेरी प्रतिमा जुळवते, आणि आपण त्या निरोपावर विश्वास ठेवतो. म्हणून तिथे मिलिमीटरचे शतांशसुद्धा महत्त्वाचे. आरशाच्या पेटीत निरोप्या नाही. लेन्सनं जे पाहिलं तेच काचेवर पडतं. नळी दोन दशांश आखूड झाली तर तुम्ही फोकसची रिंग किंचित जास्त फिरवाल, बस्स. रिंगेवरचे मीटरचे आकडे थोडे खोटे पडतील, पण ते आकडे बघतो कोण? नळी लांब मात्र होता कामा नये. एक दशांश मिलिमीटर जरी लांब झाली तरी 200 च्या लेन्सचा फोकस 400 मीटरच्या आसपास संपतो आणि त्यापुढचं हातातून जातं. म्हणून कारागिराला 21.3 सांगा. थोडी आखूडच बरी.

याच कारणानं मी आरशाला हात लावू नका म्हणतो. या पेटीत एकच माप पवित्र आहे: आरशापासून वर घासलेल्या काचेपर्यंतचं अंतर आणि आरशापासून मागे फिल्मपर्यंतचं अंतर सारखं असणं. एफ/4 वर फिल्मच्या जागी चालण्याजोगी चूक दोन्ही बाजूंना मिळून पाव मिलिमीटरही नाही. कारखान्यात बसवलेला तो आरसा एकदा कुणी स्क्रू ढिले करून हलवला, की पुन्हा जागेवर आणायला तास जातात, आणि कित्येकदा येतच नाही. आरसा पुसूही नका. त्याचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या अंगाला असतो, चष्म्याच्या कापडाचा एक हात फिरला तरी ओरखडे कायमचे. फुंकणीनं धूळ उडवा आणि थांबा. आरशावरची धूळ फोटोत येत नाही, हे लक्षात ठेवलं की हात आवरतो.

तरी संशय उरलाच तर घरी तपासता येतं. एम3 चा तळ काढा, मागची फळी वर उचला. फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर दुधी सेलोटेपचा तुकडा ताणून आडवा लावा. कापडी पडद्याला बोट लागू देऊ नका. शटर बी वर (बटण दाबलेलं असेतो उघडं) ठेवा, लॉक होणारी केबल रिलीज लावा, ट्रायपॉडवर कॅमेरा पक्का करा. पाच-सहा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राचं पान लावून आधी पेटीच्या काचेवर एफ/4 ला फोकस करा, मग शटर उघडं ठेवून मागून सेलोटेपवर भिंगानं मथळा वाचा. दोन्हीकडे एकाच जागी स्वच्छ असेल तर आरसा ठीक आहे, आणि दुरुस्तीवाल्याला नम्रपणे नमस्कार करा.

शटर दाबणारी जी भुजा पेटीच्या अंगाला आहे, तिच्याकडे मात्र लक्ष द्या. ती आधी आरसा उचलते आणि मग कॅमेऱ्याचं बटण दाबते. तिच्या टोकाची उंची कॅमेऱ्याच्या बटणाशी नीट जुळलेली नसेल तर दोनपैकी एक होतं: बटण दाबलंच जात नाही, किंवा आरसा पुरता वर जायच्या आतच शटर सुटतं. दुसऱ्या बाबतीत फोटोच्या खालच्या कडेला काळी किंवा काळपट पट्टी येते. खालच्या, कारण फिल्मवर चित्र उलटं पडतं आणि अर्धवट वर गेलेला आरसा फिल्मच्या वरच्या भागाचा उजेड अडवतो. अशी पट्टी आली की लोक शटर बिघडलं म्हणून कॅमेरा दुरुस्तीला देतात. आधी भुजा बघा. फिल्म न घालता, मागची फळी उघडून 1 सेकंदावर दोन-चारदा दाबून पाहिलं की कळतं.

आता वढवाण्याचं. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती परिस्थिती म्हणजे पक्षी किती लांब बसतो. थोडा हिशेब करा. पट्टकादंब हंस पाऊण मीटरच्या आत-बाहेर असतो. 50 मीटरवर तो बसला असेल, आणि वढवाण्याच्या काठावर तो याहून जवळ क्वचितच येऊ देतो, तर 200 च्या लेन्सनं फिल्मवर त्याची लांबी जेमतेम 3 मिलिमीटर भरते. छत्तीस मिलिमीटरच्या चौकटीत 3 मिलिमीटरचा हंस. थवा, पाणी, धुकं असं दृश्य हवं असेल तर सुंदर. पक्ष्याचा डोळा हवा असेल तर नाही. उडत्या पक्ष्याचं तर नावच नको. एफ/4 ला उघडी ठेवून फोकस, मग हातानं छिद्र बारीक करणं, मग दाबणं: या लेन्सला आपोआप मिटणारं छिद्र नाही. पक्षी तोवर डभोईच्या पलीकडे गेलेला असतो.

त्याऐवजी आपल्या विश्वामित्री नदीकडे बघा. हिवाळ्यात दुपारच्या आधी काठावर ऊन खात पडलेली मगर हे या यंत्राचं खरं गिऱ्हाईक आहे. अडीच मीटरची मगर 30 मीटरवरून चौकटीत 16-17 मिलिमीटर भरते, जवळजवळ निम्मी रुंदी, आणि ती हलत नाही. पुलावरून किंवा काठाच्या भिंतीमागून काढा, उतरून खाली जायचा मोह नको. दहा मीटरवर एफ/4 ला या लेन्सची खोली (पुढे-मागे जेवढं स्वच्छ दिसतं ते अंतर) सगळी मिळून साठेक सेंटिमीटर असते आणि अंतर वाढलं की ती झपाट्यानं वाढते. तरीही फोकस मगरीच्या डोळ्यावर ठेवायचा, पाठीच्या काट्यांवर नाही. काटे काचेवर जास्त ठळक दिसतात म्हणून नजर तिथे घसरते. माझी पद्धत अशी: फोकस एकदा पुढे, एकदा मागे नेऊन मधे आणायचा, डोळा काढून घ्यायचा, पुन्हा लावून फक्त एकदाच दुरुस्त करायचं. जास्त वेळ एकटक बघितलं की डोळा धूसर चित्रच स्वच्छ मानायला लागतो.

उजेडाचा अंदाज: 100 आयएसओच्या फिल्मवर स्वच्छ उन्हात एफ/5.6 ला एक हजारांश सेकंद बसतो, आणि तीच तुमच्या एम3 ची सर्वात वेगवान गती. 400 ची फिल्म घातलीत तर त्याच उन्हात एफ/11 पर्यंत मिटवावं लागेल. मी 100 चीच घालतो. एम3 मध्ये मीटर नाही, त्यामुळे पेटीमुळे मीटर बिघडायचा प्रश्नच नाही. एम6 वापरणाऱ्यांनी मात्र आरसा वर करूनच रीडिंग घ्यावं, कारण खाली असलेला आरसा मीटरकडे जाणारा सगळा उजेड अडवतो.

व्हिसोफ्लेक्स 3 मध्ये आरशाच्या चालीचे प्रकार निवडता येतात: झटकन वर जाऊन परत येणारा, सावकाश उचलणारा, आणि वरच अडकवून ठेवलेला. ट्रायपॉडवर सावकाशचा प्रकार घ्या. 1/8 ते 1/30 सेकंदाच्या गती टाळा, आरशाचा धक्का तिथेच सगळ्यात जास्त दिसतो. ट्रायपॉड कॅमेऱ्याच्या तळाला न लावता पेटीच्या किंवा लेन्सच्या आट्याला, जिथे तोल बसतो तिथे लावा. आरसा वर अडकवलेला असताना लेन्स सूर्याकडे कधीही करू नका. एम3 चा पडदा कापडी आहे, 200 ची लेन्स त्याला बघता बघता भोक पाडते.

मिररलेस कॅमेरा घरात असेल तर त्यावरही ही लेन्स लावून बघा. एमचा अडॅप्टर, त्यापुढे आरसा वर करून ही पेटी, मग तुमची नळी आणि लेन्स. पेटी तिथे नुसती पोकळ नळी म्हणून काम करते. फोकस पडद्यावर मोठा करून दिसतो, लेन्समध्ये बुरशी आहे की नाही हेही पाच मिनिटांत कळतं. खरं सांगायचं तर नुसते चांगले फोटो हवे असतील तर हाच शहाणपणाचा मार्ग. पेटी आणि एम3 ज्यांना ती रीत आवडते त्यांच्यासाठी. मला आवडते, म्हणून माझा सल्ला थोडा तिकडे झुकलेला असणार, हे गृहीत धरा.

दोन बारीक सूचना. नेटवर 'व्हिसोफ्लेक्स' शोधाल तर लायकाचे नवे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरही त्याच नावानं समोर येतील. त्यांचा या पेटीशी नावापलीकडे संबंध नाही, मागवून बसाल. आणि कुणी निकॉन किंवा कॅनन रेंजफाइंडरची आरशाची पेटी 'हीच चालेल' म्हणून देऊ केली तर घेऊ नका. त्यांची मापं वेगळी. निकॉननं तर 1959 मध्ये आरसा कॅमेऱ्यातच बसवून 'एफ' हा कॅमेरा काढला आणि तो प्रश्नच मिटवला. लाइट्झनं आपल्या पेट्या 1984 पर्यंत चालू ठेवल्या. सुट्या भागांची चणचण असली तरी तुमची पेटी त्यामुळेच फार जुनी नसण्याची शक्यता आहे.

आधी लेन्स हातात धरून पुढे सरकवायची चाचणी करा आणि किती मिलिमीटरवर चित्र उमटलं ते इथे लिहा. 20 ते 23 च्या बाहेर आलं तर कारागिराकडे जाऊ नका, लेन्सच्या मागच्या बाजूचा आणि नंबराचा फोटो टाका. मग ती 200 चीच दुसरी, जुनी एफ/4.5 आहे का, की कुणी मागची नळी बदलली आहे, ते बघू.